मास्टरच्या घरातले कान

तुळशीची लग्नं लागली की वडशात लियाकत मास्टरच्या अंगणात पितळ बाहेर निघायचं. पावसाळाभर गोणपाटात गुंडाळून ठेवलेली वाद्यं चिंचेच्या कोळानं घासली जायची, ढोलांची चामडी उन्हात ताणून बघितली जायची, लाल कोटांचे सुटलेले गोंडे शिवले जायचे. दुपारी बिर्याणी, आणि त्याआधी हंगामाचा पहिला रियाज. दोन हजार तीनच्या त्या हंगामातही मास्टरच्या शाहीन बँडची सगळी माणसं अंगणात जमली होती. मास्टरचा धाकटा मुलगा ताबिशसुद्धा आला होता. बँड सोडून त्यानं मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकल्यापासून तो आणि थोरला भाऊ अकरम एकमेकांशी कामापुरतंच बोलत. पण या दिवशी घरी जेवायचं, हे दोघं पाळत.

ताबिशची बायको नाहीद ओसरीवर बसून कोटाला गोंडा शिवत होती. तिची नजर मात्र गुड्डीच्या झोळीवर होती. झोळी कडुनिंबाच्या फांदीला टांगलेली होती आणि तिच्यापासून हातभरावर इसरूचा मोठा ढोल वाजत होता. अकरमनं क्लॅरिनेटवर सूर उचलला, मागून सगळं पितळ एकदम तुटून पडलं. छपरावरची कबुतरं उडाली. शेजारच्या गोठ्यातली गाय दावं ओढायला लागली. गुड्डी झोपलेलीच होती.

"पाहा! पाहा माझ्या नातीले!" लियाकत मास्टर रियाज थांबवून ओरडले. ते नेहमी ओरडूनच बोलत. "सव्वा वर्षाची पोट्टी, अन् ढोलाच्या बाजूले झोपते. याले म्हणतात खानदानी कान!"

सगळे हसले. इसरूनं कौतुकानं झोळीला झोका दिला. नाहीदच्या बोटाला सुई टोचली.

हे ती गेले चार-पाच महिने बघत होती. कुकरची शिट्टी झाली की गुड्डी दचकत नसे. नाहीद मागून आली की दचके. बोबडं बोलायला लागली होती ती, ते हळूहळू बंद झालं होतं. आणि इसरूचा मुलगा विनोद घरी आला की गुड्डी त्याला सोडत नसे. विनोद बावीस वर्षांचा, जन्मापासून मुका-बहिरा. तो हातानं बोलायचा, आणि गुड्डी समोर बसून त्याच्या हातांसारखे आपले इवलेसे हात हलवायची. घरातले म्हणायचे, किती नकल्या करते! नाहीदला वाटायचं, ही नक्कल नाही. हे बोलणं आहे.

ताबिशला तिनं सांगितलं होतं. "मी अब्बांशी बोलतो," तो म्हणाला होता, आणि बोलला नव्हता. अब्बांशी बोलायचं म्हणजे आधी बँडचा विषय निघणार, हे त्याला ठाऊक होतं.

तिनं कोट बाजूला ठेवला आणि सगळ्यांसमोर अंगणात उतरली. सुनेनं रियाजाच्या मध्ये जायचं, हे त्या घरात कधी झालं नव्हतं.

"अब्बा," ती म्हणाली, "गुड्डीले ऐकू येत नाई."

"काय म्हणते?"

"गुड्डीले ऐकू येत नाई, अब्बा!"

क्लॅरिनेट पुसणारा अकरमचा हात थांबला. ताबिशनं मान खाली घातली. लियाकत मास्टरचा चेहरा लाल झाला.

"बँडवाल्याच्या घरात बहिरं लेकरू? कोण म्हणते? चंद्रपुरात तुझ्या माहेरी कोणी सांगतलं काय?"

"कोणी नाई सांगतलं. मी आई आहे तिची, मले दिसते."

"भाईजान," ताबिश अकरमकडे वळून म्हणाला, "तुम्ही तरी समजवा न अब्बाले."

"मी काऊन समजवू?" अकरम म्हणाला. "चांगली हसते-खेळते. मीही अडीच वर्षांनी बोललो म्हणे. नाहीद, वहम नको करू उगीच."

"वाद कायले पाह्यजे?" मास्टर म्हणाले. "आत्ता होऊन जाऊ दे. उठवा तिले!"

गुड्डीला उठवून चटईवर बसवलं. समोर ताबिश, मांडीजवळ एक लाल गोंडा खेळायला. बाकी सगळे गोल करून उभे. मास्टर पितळी झांज घेऊन पाऊल न वाजवता तिच्या मागे गेले आणि दोन्ही हात फाकवून त्यांनी झांज आपटली.

ताबिशचे डोळे गच्च मिटले. गुड्डीनं बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि झटकन मागे वळली. आजोबा दिसताच खुदकन हसली.

अंगणात एकच गिल्ला झाला. कोणीतरी शिट्टी मारली. मास्टरनी नातीला उचलून खांद्यावर घेतलं.

"तिनं तुमचं तोंड पाह्यलं," नाहीद ताबिशला म्हणाली. "तुम्ही डोळे मिटले, म्हणून वळली ती. अन् झांजेची हवा लागली तिच्या मानेले." पण त्या गिल्ल्यात ते कोणाला ऐकू गेलं नाही.

*

अमिनाबींना, मास्टरच्या बायकोला, मात्र ऐकू गेलं होतं. त्या चुलीपाशी बिर्याणीच्या पातेल्याला कणीक लावत होत्या. झांज वाजली तेव्हा त्यांनी नवऱ्याच्या बाजूनं मान हलवली होती, कारण तीस-पस्तीस वर्षं त्या चारचौघांत नवऱ्याच्याच बाजूनं मान हलवत आल्या होत्या. चारचौघं उठून गेले की मग काय ते बोलत.

जेवणं झाली. नाहीदच्या ताटातला भात तसाच होता. अमिनाबींनी ते बघितलं, आणि इसरूच्या बायकोला, वच्छलाला, हळूच म्हणाल्या, "वच्छलाबाई, माझ्यासंगं आत ये. पोरीले घे."

आतल्या खोलीत रजयांची चळत होती. अमिनाबींनी ती जमिनीवर पसरली. "हिच्यावर बसव तिले, म्हणजे जमिनीचा धक्का नाई लागत. तू समोर बस. अन् तोंडावर काई आणू नको. मी काईही केलं तरी डोळा हलवायचा नाई."

"बरं," वच्छला म्हणाली. तिनं गुड्डीसमोर गोंडा धरला.

अमिनाबी दाराच्या पडद्याआड गेल्या. "गुड्डी," त्यांनी हाक मारली. मग जरा मोठ्यानं, "गुड्डीऽ, ए मेरी जान!" मग चुलीपाशी कामाला लागलेल्या बायांना मारतात तशी खणखणीत हाक मारली. पडद्याच्या फटीतून नातीची पाठ दिसत होती. लहानशी, गोल, पिवळ्या झबल्यातली. ती गोंडा सोडवण्यात गुंतली होती. अमिनाबींनी पातेल्याचं झाकण उचललं आणि पळीनं बडवलं. पाठ हलली नाही.

वच्छलाचा चेहरा ठरल्याप्रमाणे जसाच्या तसा होता. फक्त डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

अमिनाबी आत येऊन रजईवर बसल्या. झाकण-पळी हातातच होती.

"आमचा विनोद असाच होता, बाई," वच्छला म्हणाली. "आमी म्हनलं, उशिरा बोलन. जंगलातलं गाव, कोन सांगन? पुजाऱ्याले दाखवलं, झाडपाला केला. मंग शाळेत टाकला तवा गुरुजीनं सांगतलं, याले नागपूरले न्या. तवा आठ वर्षांचा होता. मशीन भेटली. मशीनीतून आवाज येत होता त्याले. पन आवाज म्हंजे काय, तेच त्याले समजत नोयतं. कुत्रं भुकलं काय, अन् मी हाक मारली काय, सारखंच. काढून फेकली त्यानं."

"अन् आता?"

"आता काय, गुनाचा पोरगा हाये. बांबूचं काम करते, मले हातानं सारं सांगते. मी पन शिकली त्याची बोली. वाईट नाई काई." ती थांबली. "डाक्टरीन तवा एकच बोल्ली होती. बाई, दोन वर्षांच्या आत आनला असता तर कानानं शिकला असता. म्हनून सांगते, बाई. तुमची पोरगी लहान हाये आजून."

अमिनाबी उठल्या. झाकण-पळी हातात घेऊनच अंगणात आल्या. पान खात बसलेली सगळी मंडळी त्यांच्याकडे बघायला लागली.

"उद्या नागपूरले जायाचं आहे," त्या म्हणाल्या.

"नागभीडले?" मास्टर म्हणाले. "नागभीडले काऊन? लग्न ठरलं काय कोणाचं?"

"नागपूर! ना-ग-पूर! गुड्डीचे कान तपासायले. नाहीद खरं बोलून राह्यली."

चारचौघांत अमिनाबी नवऱ्याच्या विरुद्ध बोलल्या होत्या आणि हातात पळी होती.

"मशीनवाले काय, काईही सांगतील," मास्टर गुरकावले. "मी येतो संगं. त्याईचा खोटेपणा पकडायले कोणी पाह्यजे ना."

"मीही येतो," अकरम म्हणाला. का म्हणाला, ते त्याचं त्यालाही लगेच कळलं नाही.

*

नागभीडहून नागपूरची छोटी गाडी निघाली तेव्हा अकरमला खिडकीजवळ जागा मिळाली होती. दोन्हीकडे धान कापून झालेली शेतं, मध्येच सागाची झाडं. गाडी इतकी सावकाश चालली होती की एक म्हातारा उतरून बोरं वेचून पुन्हा चढला. समोर गुड्डी खिडकीचे गज धरून उभी होती आणि तिला मागून ताबिशनं धरलं होतं. अकरमला नकळत आठवलं, लहानपणी याच गाडीत ताबिशला असंच त्यानं धरलं होतं.

"डबा उघड," तो ताबिशला म्हणाला. "अम्मीनं कबाब दिले आहेत."

दोघांनी एका पोळीतून कबाब खाल्ले. वर्षभरात एवढं त्यांनी एकत्र काही केलं नव्हतं.

दवाखान्यात कान तपासणारी मुलगी तरुण होती. नाव रंजीता. नाहीदचं बोलणं ऐकताच ती हसली. "वडशाचे काय तुम्ही? मी आरमोरीची." मग ती सगळ्यांशी घरच्यासारखंच बोलायला लागली. गुड्डी जन्मली तेव्हा काही झालं होतं का, असं तिनं विचारलं. नाहीद म्हणाली, कावीळ झाली होती, दवाखान्यात निळ्या दिव्याखाली ठेवली होती.

"मंग हे कोणाच्या घरातून आलं?" मास्टरनी विचारलं. "आमच्या सात पिढ्यांत कोणी नाई."

नाहीदनं ओढणी घट्ट धरली. या प्रश्नाची ती केव्हापासून वाट बघत होती.

"बाबा, कावीळ फार वाढली तर कानावर जाऊ शकते. त्यानं झालं असेल, नसेलही. पुष्कळदा कारण सापडत नाही," रंजीता म्हणाली. "पण आईच्या घरातून, बापाच्या घरातून, असं बोट दाखवता येत नाही. आणि आधी पाहू तर द्या."

या तपासणीसाठी मूल झोपायला हवं होतं. कपाळावर आणि कानामागे तारा चिकटवायच्या, कानात आवाज सोडायचा, आणि मेंदूपर्यंत तो पोचतो का ते मशीन सांगणार. गुड्डीला झोपेचं औषध पाजलं. ती झोपेना. नाहीदनं थोपटलं, अमिनाबींनी पायांवर आडवं घेतलं, ताबिशनं व्हरांड्यात फिरवलं. गुड्डी टक्क जागी. शेवटी मास्टर म्हणाले, "आणा इकडे," आणि तिला छातीशी धरून वरातीत शेवटी वाजवतात ती बिदाईची धून बंद ओठांनी गुणगुणायला लागले.

गुड्डीनं गाल त्यांच्या छातीवर दाबला. तळहात पसरून त्यांच्या बरगड्यांवर ठेवला. धून थांबली की तिनं हातानं थापटावं, की मास्टर पुन्हा सुरू. थोड्या वेळात ती झोपली.

"ऐकत होती ना?" मास्टर म्हणाले.

"हातानं, बाबा," रंजीता म्हणाली. "तुमची छाती हलत होती ना, ते तिला कळत होतं."

मास्टरनी छातीवरचा तो इवलासा तळहात बघितला.

तपासणीला बराच वेळ लागला. रंजीता बाहेर आली तेव्हा तिनं आधी नाहीदला जवळ बसवलं. "दोन्ही कानांनी फार कमी येतं तिला. अगदी जोराचा आवाज तेवढा थोडा पोचते. पण पोचते. तुम्ही वेळेवर आणलं. बरेच लोक शाळेत घालायच्या वेळी आणतात. आता यंत्र लावू, रोज बोलायचं शिकवू. घरच्या सगळ्यांना शिकावं लागेल."

नाहीद रडली नाही. तिनं मोठा श्वास सोडला आणि ताबिशच्या खांद्यावर डोकं टेकवलं. सासू-सासऱ्यांसमोर.

"मी नाई मानत," मास्टर म्हणाले. "झोपलेल्या लेकराले काय विचारलं अन् काय उत्तर आलं, कोणी पाह्यलं? माझ्यावर लावा मशीन. जागत्या माणसावर. मंग पाहू."

रंजीतानं अकरमकडे बघितलं. अकरमनं मान डोलावली, आणि आपण नागपूरला का आलो ते आता त्याला कळलं. गेली कित्येक वर्षं लग्नाच्या मांडवात अब्बांना बारीक सूर ऐकू येत नव्हते. ते हात वर करायचे तेव्हा तालाची सम येऊन गेलेली असायची. अकरम मग क्लॅरिनेट उंचावून बाकीच्यांना खूण करायचा आणि सगळा बँड अब्बांच्या नाही, त्याच्या खुणेवर वाजायचा. हे बँडमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. अब्बांना सोडून.

मास्टर काचेच्या खोलीत ताठ बसले. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. रंजीतानं बाहेरून आवाज सोडायला सुरुवात केली. जाड आवाजाला बटण दाबलं गेलं. मग आवाज बारीक होत गेला. मास्टर रुबाबात बसले होते. रंजीता आवाज वाढवत होती, हेडफोनमधून तो आता काचेबाहेर ताबिशलासुद्धा किणकिण ऐकू यायला लागला. मास्टरचं बोट हललं नाही. ते काचेतून सगळ्यांकडे बघून मान हलवत होते, म्हणजे, करा ना सुरू!

अमिनाबींनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. आधी ताबिशला वाटलं अम्मी रडते आहे.

मास्टर बाहेर आले. "सुरुवातीनंतर बटण दाबायची वेळच नाई आली. लाइट गेली होती काय?"

"लाइट होती, अब्बा," अकरम म्हणाला.

"मंग?"

तेव्हा अमिनाबींनी पदर काढला. "अहो, दहा वर्षं झाली मी घसा फोडून राह्यली! मोहल्ल्याले वाटते आमचं रोज भांडण होते. मी फक्त चहा पिता काय म्हणून विचारते!"

रंजीतालासुद्धा हसू आवरलं नाही. मास्टर एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांची नजर अकरमवर थांबली.

"तुले ठाऊक होतं?"

"हो."

"अन् मांडवात? सम?"

"मी देतो खूण. तुम्ही हात वर करायच्या आधी."

मास्टर बाकावर बसले. त्यांनी गुड्डीचा झोपलेला पाय हातात घेतला आणि अंगठ्यानं कुरवाळला. "म्हणजे या घरात आम्ही दोघं," ते म्हणाले. पहिल्यांदाच ते हळू बोलले होते. मग नाहीदकडे वळून म्हणाले, "बेटा, अंगणात मी सगळ्यांसमोर बोललो तुले. माफ कर."

"अब्बा," नाहीद म्हणाली, आणि मग मात्र ती रडली.

*

गुड्डीच्या आणि मास्टरच्या कानांचे साचे तयार होऊन यंत्रं मिळेपर्यंत थंडीचा जोर सुरू झाला. मधल्या दिवसांत घराचं वळण बदललं होतं. अमिनाबी गुड्डीच्या समोर बसल्याशिवाय तिच्याशी बोलत नव्हत्या. विनोद तिला हातानं नवनवीन गोष्टी शिकवत होता आणि नाहीद त्याच्याकडून त्याच गोष्टी शिकत होती. ताबिशनं एक दिवस दुकान लवकर बंद करून अकरमबरोबर एका वरातीत साइड ड्रम वाजवला. दिव्यांचा जनरेटर बंद पडला म्हणून दुरुस्त करायला गेला होता, तो दुरुस्त झाल्यावर राहून गेला.

यंत्र लावायच्या दिवशी सगळं घर नागपूरला निघालं. वच्छला आणि इसरूसुद्धा.

"वरात आली काय?" रंजीता दारात उभी राहून म्हणाली. "आत चारच जण. आणि ढोल-बिल आणला असेल तर बाहेर ठेवा."

"पहिली हाक कोण मारन?" इसरूनं विचारलं, आणि व्हरांड्यातच वाद सुरू झाला. अकरम म्हणाला बापानं. ताबिश म्हणाला आजोबांनी, वय मोठं. मास्टर म्हणाले, "मी." अमिनाबी म्हणाल्या, "आईनं. अन् कोणी तोंड उघडलं तर माझ्याशी गाठ आहे."

आधी मास्टरना त्यांचं यंत्र बसवलं. ते दचकले. खुर्ची सरकली, खोलीत पंखा होता, अमिनाबींच्या हातात बांगड्या होत्या. ते बांगड्यांकडे बघत राहिले.

"ह्या नवीन घेतल्या?"

"लग्नातल्या आहेत," अमिनाबी म्हणाल्या.

मग गुड्डी. नाहीदनं तिला मांडीवर घेतलं. रंजीतानं दोन्ही कानांत साचे बसवले, छातीवर कापडी पिशवीत डबी अडकवली. गुड्डीनं डबी ओढायला हात घातला. नाहीदनं तो धरला. रंजीतानं हळूच बटण फिरवलं.

"बोला, ताई. नेहमीसारखं."

नाहीदनं तोंड उघडलं. आणि तेवढ्यात गुड्डीला कानातलं काहीतरी खुपलं. ती तोंड वासून रडायला लागली.

लागली आणि थांबली.

तिचे डोळे मोठे झाले. तिनं खोलीभर बघितलं. अमिनाबींकडे, आजोबांकडे, दाराच्या फटीतून आत डोकावणाऱ्या इसरूकडे. कोणीच काही करत नव्हतं. तिनं पुन्हा तोंड उघडलं. "आ." ती थांबली. "आ." तिनं आपला हात ओठांवर नेला.

"तिचाच आवाज," रंजीता हलकेच म्हणाली. "तिला आत्ता कळून राह्यलं."

"आऽ!" गुड्डी म्हणाली, आणि हसली.

परतीच्या गाडीत ती ताबिशच्या मांडीवर उभी होती. गाडी उमरेड सोडून रानात शिरली तरी तिचं चालूच होतं. आऽ. आऽऽ. मध्येच हळू, मध्येच गाडी दुमदुमेल इतक्या जोरात. सबंध डबा तिच्याकडे बघत होता. पुढच्या बाकावर घोंगडी पांघरून झोपायच्या प्रयत्नात असलेला एक माणूस शेवटी उठून बसला.

"अरे बापा, चूप करा न जी त्या पोट्टीले! केव्हाची बोंबलून राह्यली!"

अकरम उठायला लागला. मास्टरनी त्याला हातानं खाली बसवलं आणि ते पुढे वाकले. आवाज अगदी मऊ होता, कारण आता त्यांना तो ऐकू येत होता.

"बोंबलू द्या जी, भाऊ," ते म्हणाले. "पहिलाच दिवस आहे तिचा."